घास, नळी आणि वीज

दरवर्षी ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, मिस्सा संपल्यावर आपली माणसे वेदीसमोर रांगेने येतात. धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या व्याधींपासून रक्षण मागतात. आर्मेनियातील सेबास्ते नगरीच्या या बिशपांनी घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला वाचविले, अशी परंपरा आहे. समुद्राकाठी राहणाऱ्या आणि मासळीवर वाढलेल्या आपल्या लोकांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. परंतु आजाऱ्यांच्या भेटीला गेलो असता घशाची जी व्यथा आम्हांला अलीकडे पुन:पुन्हा पाहावी लागते, तीत काटा कोठेच नसतो. घसा मोकळा असतो, अन्न मऊ असते, भूकही असते; फक्त गिळता येत नाही.

गिळणे ही क्रिया आपण दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा, नकळत करीत असतो. तिच्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या एका ठराविक क्रमाने हलाव्या लागतात. घास जिभेच्या मुळाशी पोहोचला, की जिभेखालचे कंठास्थी नावाचे लहानसे हाड आणि स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, श्वासमार्गावर झाकण पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. पक्षाघाताच्या झटक्याने मेंदूचा संबंधित भाग दुखावला, किंवा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर दिलेल्या किरणोपचाराने मानेचे स्नायू ताठले, म्हणजे हा क्रम बिघडतो. मग घोटभर पाणीही श्वासनलिकेकडे वळते आणि फुफ्फुसात शिरून न्यूमोनियाला कारण होते. कित्येकदा ठसकाही लागत नाही. घरच्यांना वाटते, बाबा छान प्यायले. आणि दोन दिवसांनी ताप चढतो.

अशा रुग्णाच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली जाते आणि तिच्यातून पेज, दूध, डाळीचे पाणी दिले जाते. शरीराचे पोषण होते. परंतु माणूस केवळ पोषणासाठी जेवत नाही, हे त्या घरात पाऊल टाकताच कळते. कुटुंब स्वयंपाकघरात जेवते. आजारी माणूस आतल्या खोलीत पडून असतो आणि माशाच्या कालवणाचा वास त्याच्यापर्यंत पोहोचत असतो. याईराच्या मुलीला मरणातून उठविल्यावर येशूने सांगितले, की हिला काही खायला द्या. त्या वाक्याचे वजन आम्हांला ईशज्ञानाच्या वर्गात जेवढे कळले, त्याहून अधिक या खोल्यांत कळले आहे.

या व्यथेवर आता विजेचा एक उपचार केला जातो. मानेच्या पुढच्या बाजूस, हनुवटीखाली व स्वरयंत्राच्या आसपास, लहान चकत्या चिकटवतात आणि त्यांतून काही मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह सोडतात. त्वचेला प्रथम मुंग्या येतात, प्रवाह वाढविला की आतले स्नायू आखडल्यासारखे होतात. त्याच वेळी वाचोपचारतज्ज्ञ रुग्णाकडून गिळण्याचा व्यायाम करून घेतात. बेडकाच्या पायाचा स्नायू विजेने आखडतो, हे निरीक्षण बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले, त्याच शोधाची ही लांबची शाखा होय. (जाता जाता सांगावेसे वाटते, की गॅल्व्हानी भाविक कॅथलिक होते. १७९८ साली नव्या राजवटीची शपथ घेणे त्यांनी नाकारले आणि त्यापायी विद्यापीठातील जागा गमावली. प्रयोगशाळा आणि सदसद्‌विवेक यांचे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे.)

आमच्यापुढे प्रश्न येतो तो विजेचा नव्हे. मुलगा किंवा सून दारापर्यंत पोहोचवायला येते आणि हलक्या आवाजात विचारते, “फादर, हा उपचार नाही केला तर आमच्या हातून पाप होईल का?” बैठकीमागून बैठक, प्रत्येकीचे पैसे, रिक्षाचे भाडे, एकाची बुडणारी रोजी, आणि दुसऱ्या बाजूला बाबांचे डोळे. हा प्रश्न भाबडा नाही. त्याला धीराचे दोन शब्द नव्हे, उत्तरच दिले पाहिजे, आणि त्यासाठी आधी उपचाराविषयीचे सत्य पाहिले पाहिजे.

ते सत्य असे आहे. या उपचाराचा गाजावाजा अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापासून झाला. त्याचे निष्कर्ष अतिशय आशादायक होते; मात्र त्याच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. २००६ मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात दिसले, की मानेवरून सोडलेला प्रवाह स्वरयंत्राला वर उचलण्याऐवजी खाली ओढू शकतो. कारण कातडीलगत असलेले तेथील स्नायू खाली ओढणारेच आहेत आणि वर उचलणारे काही स्नायू त्यांच्याखाली झाकलेले आहेत. यावर उपचाराचे समर्थक म्हणतात, की खाली ओढणाऱ्या जोराविरुद्ध गिळावे लागते, तोच व्यायाम होय. हे म्हणणे टाकाऊ नाही; पण मग काम रुग्ण करतो, यंत्र नव्हे, हेही मान्य करावे लागते. २०१६ साली डोके व मानेच्या कर्करोगातून उठलेल्या रुग्णांवर बारा आठवड्यांचा एक मोठा प्रयोग झाला. खरा प्रवाह मिळालेल्यांना, प्रवाहाचा केवळ आभास दिलेल्यांपेक्षा काहीही अधिक लाभ झाला नाही. पक्षाघाताच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, व्यायामाला विजेची जोड दिल्यास अल्पकाळ तरी फायदा होतो असे आढळले. पण नुसत्या विजेने व्यायामावर मात केल्याचे दिसले नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये मार्गदर्शन दिले, की पक्षाघातानंतर लाभाची शक्यता दिसते, परंतु पुरावा मर्यादित आहे, म्हणून रुग्णाची समजून घेतलेली संमती आणि परिणामांची नोंद ठेवूनच हा उपचार वापरावा. इतर कारणांच्या त्रासात तो केवळ संशोधनापुरता असावा.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. पक्षाघातानंतर गिळणे बिघडलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांचा घसा पहिल्या काही आठवड्यांत आपोआपच सुधारतो. याच आठवड्यांत यंत्र लावले, तर श्रेय यंत्राला जाते. शेजारचे काका वीज लावून जेवू लागले, ही हकिकत खरी असते. तिच्यावरून काढलेला अर्थ खरा असेलच असे नाही.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण फार जुनी आणि फार शहाणी आहे. सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठात शिकविणारे डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी नेमका खाण्याचाच प्रश्न घेतला होता. आजारी मनुष्य इतका खचला असेल, की अन्न घेणे त्याला यातनेसारखे वाटावे, तर न खाल्ल्याचा दोष त्याच्यावर येत नाही, असे त्यांनी मांडले. वैद्याने कोंबडी खायला सांगितली तरी महागडे खाद्य मिळवून आयुष्य लांबविण्याचे बंधन कोणावर नाही, असेही ते म्हणतात. सामान्य व असामान्य साधने हा भेद या परंपरेत घडला. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांसमोर बोलताना सामान्य साधने व्यक्ती, स्थळ, काळ यांच्या परिस्थितीनुसार ठरतात, असे स्पष्ट केले. ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने तर आपल्या प्रश्नालाच हात घातला आहे. अद्याप पूर्णपणे सिद्ध न झालेला उपचार रुग्णाच्या संमतीने करून पाहता येतो. अपेक्षित फळ मिळत नसेल तर तो थांबविता येतो. आणि कुटुंबावर जड खर्च पडू नये म्हणून असा उपचार नाकारणे ही आत्महत्या नव्हे, असा त्याचा आशय आहे.

म्हणून दारात विचारणाऱ्या सुनेला आमचे उत्तर आहे: नाही, पाप होणार नाही. परवडत असेल, जाणते वाचोपचारतज्ज्ञ व्यायामाबरोबर वीज वापरीत असतील, बाबांची इच्छा असेल, तर अवश्य करा. बाबांना पेसमेकर असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. चार-सहा आठवड्यांनी तपासणी करून काय बदलले ते विचारा. परंतु जमीन गहाण टाकू नका. उताणे झोपून, खांदे न उचलता, डोके वर करून आपल्या पायांची बोटे पाहायची, हा व्यायाम फुकट आहे. त्याच्यामागेही अभ्यास आहे, आणि तो करताना पलंगाजवळ कोणीतरी बसावे लागते एवढीच त्याची किंमत. तोही ज्याला झेपेल त्यानेच, तज्ज्ञाला विचारून करावा.

मात्र याच शिकवणीचा आधार घेऊन कोणी नळीच काढून टाकू पाहील, तर आम्ही त्याला अडवू. यंत्र आणि अन्न या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी, वर्षानुवर्षे बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णांसंबंधी बोलताना, नळीने दिलेले अन्नपाणीसुद्धा तत्त्वत: सामान्य शुश्रूषेतच मोडते, असे सांगितले. पुढच्याच वर्षी, ३० मार्चला, त्यांना स्वत:ला नाकातील नळीने अन्न दिले जात असल्याचे व्हॅटिकनने जाहीर केले. २ एप्रिलला ते देवाघरी गेले. नळी लावल्याने वडिलांची विटंबना झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी ते शेवटचे दिवस आठवावेत.

उपचार करणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका उपचारकेंद्रात इतक्या बैठकी घ्या, बाबा ताटावर बसून जेवतील, असे छातीठोक सांगण्यात आले. हे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. आशा विकण्याची वस्तू झाली, की तिचा भाव गरिबालाच सर्वांत जास्त पडतो. याउलट, आम्ही असेही तज्ज्ञ पाहिले आहेत, जे पहिल्याच दिवशी सांगतात की खात्री नाही, करून पाहू. आणि रुग्ण त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

घरच्यांच्या प्रेमाचीही एक चूक असते. डॉक्टरांनी तोंडाने काही देऊ नका असे बजावलेले असते आणि लेक रात्री हळूच चमचाभर चहा पाजते. तिला क्रूर कोणी म्हणणार नाही. पण चहा प्यायल्यानंतर बाबांचा आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा येऊ लागला, तर तो चहा कोठे गेला हे तिला कळले पाहिजे. उलट, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, धोका समजून घेऊनही दिवसातून दोन चमचे घट्ट पेज तोंडाने घ्यायची आहे म्हणत असेल, तर ती इच्छा डॉक्टरांपुढे उघडपणे मांडावी. तो त्याचा जीव आहे आणि त्याची जीभ आहे.

पवित्र कम्युनियनविषयी आम्हांला सर्वांत जास्त विचारले जाते. ज्याला भाकरीच्या रूपात ख्रिस्तशरीर घेता येत नाही, त्याला गरजेपोटी केवळ द्राक्षरसाच्या रूपात ते देता येते, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ९२५ वे कलम सांगते. पण येथे धर्मगुरूने एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: अशा रुग्णांपैकी पुष्कळांना घट्ट पेजेपेक्षा पातळ द्रवच अधिक धोक्याचा असतो. म्हणून आम्ही आधी वाचोपचारतज्ज्ञांना विचारतो. कोणाला एक थेंब चालतो, कोणाला मोहरीएवढा कण. आणि त्या कणातही ख्रिस्त संपूर्ण असतो. ज्याला दोन्हींची बंदी आहे, त्याच्याजवळ बसून आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणतो.

वर उल्लेखिलेल्या त्या कुटुंबातील बाबांनी दीड महिन्यानंतर ‘आता वीज पुरे’ असे हाताने खुणावले. मुलाला वाटले, बाबांनी जगण्याची उमेद सोडली. तसे नव्हते. बाबांनी पाटीवर लिहून दिले, की मला आतल्या खोलीत ठेवू नका. तेव्हापासून त्यांची खुर्ची टेबलाशी आली आहे. नळीतून पेज द्यायची वेळ सात वाजता होती, ती आता घरच्यांच्या जेवणाबरोबर आठ वाजता केली आहे. मुलगा सिरिंजमधून पेज सोडतो आणि नातवंडे माशाचे काटे काढीत बसतात. जेवणाआधीचा क्रूस आजोबा डाव्या हाताने करतात आणि त्यांचा हात खाली येईपर्यंत कोणी घास उचलीत नाही.