उतारशाळेची निवड

शास्त्रपाठ : लूक १०:३०-३५



चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. याजक व लेवी यांच्या निष्ठुरपणावर बोलले जाते, तेल व द्राक्षारस यांवर बोलले जाते; पण उतारशाळेपाशी येईतो उपदेशकाची वेळ बहुधा संपलेली असते. वास्तविक शोमरोन्याच्या प्रीतीचा अर्धा भाग तेथूनच सुरू होतो. जखमी मनुष्याला दारात ठेवून तो निघून गेला नाही. ती रात्र त्याने तेथेच त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, आणि आपण परत येऊ तेव्हा उरलेला खर्च फेडू, असे वचन दिले.

आज आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांत असा एक लुटला गेलेला मनुष्य आहे. त्याला दारूने लुटले आहे, गर्दने लुटले आहे, झोपेच्या गोळ्यांनी लुटले आहे. रविवारी त्याची जागा रिकामी असते आणि कोणी विचारलेच तर “जरा बरे नाही” एवढे उत्तर मिळते. लाज एवढी, की पाळकांनाही कळू द्यावयाचे नाही. मग एके रात्री घरच्यांची सहनशक्ती संपते आणि कोणीतरी सुचविलेल्या पहिल्याच व्यसनमुक्ती केंद्रात त्याला नेऊन सोडले जाते. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण तीन पिढ्यांची चौकशी करतो. येथे मात्र आपण दारावरची पाटीदेखील नीट वाचत नाही.

काही भाविक कुटुंबे विचारतात, प्रार्थनेने व्यसन सुटत नाही काय? प्रभू बंदिवानांस सोडवितो, याविषयी मला शंका नाही. परंतु देवाने घडविलेल्या या शरीराचे नियमही जाणून घेतले पाहिजेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, अंग थरथरते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. अशा वेळी ‘भूतबाधा झाली’ म्हणून त्याला खोलीत कोंडून उपास-प्रार्थना करीत बसणे हा विश्वास नव्हे. शोमरोन्याने प्रार्थना केली की नाही, हे लूक सांगत नाही. त्याने जखमा बांधल्या, हे मात्र सांगतो. म्हणून केंद्राला आपला पहिला प्रश्न हा असावा : दारू तुटण्याच्या दिवसांत डॉक्टर कोण पाहतात, रात्री कोण हजर असते, जवळचे रुग्णालय कोणते? उत्तर चाचरत आले तर उठावे, मग तेथील भिंतींवर कितीही शास्त्रवचने लिहिलेली असोत.

२००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. दारू व मादक द्रव्यांमुळे उद्भवणारे मानसिक विकारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. तरीही ‘आम्ही त्याला सरळ करतो’ असे सांगणारी केंद्रे आहेत, आणि दुःखाची गोष्ट अशी, की थकलेले नातेवाईक त्यांना मूकसंमती देतात. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागा. भेटीची बंदी असेल तर किती दिवसांची व कशासाठी, ते विचारा. स्वयंपाकघर व झोपण्याच्या खोल्या पाहू द्या म्हणावे. बेथेस्दाच्या तळ्यापाशी अडतीस वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला बरे करण्याआधी येशूने त्याची इच्छा विचारली (योहान ५). जेथे रुग्णाला कोणी काही विचारीतच नाही, तेथे येशूची पद्धत चालत नाही.

‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्यापासूनही सावध राहावे. हा आजार उलटतो, हे जाणते लोक मोकळेपणाने सांगतात. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेले कृपा फाउंडेशन असो, वा १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात उभारलेले मुक्तांगण असो, रुग्ण घरी गेल्यावरचा पाठपुरावा आणि कुटुंबियांचे समुपदेशन हा तेथे उपचाराचाच भाग मानला जातो. आपल्या भागातील केंद्रांची माहिती १४४४६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. हैदराबाद, बंगळूर, इंदूर येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट पाहावी : गटचर्चा कोणत्या भाषेत चालते? मनातली लाज मनुष्य आपल्याच भाषेत बोलू शकतो. परक्या भाषेच्या वर्तुळात तो महिनाभर मुकाट बसेल आणि जसा गेला तसाच परतेल.

आता परत येण्याच्या वचनाकडे वळू. केंद्रात ठरलेल्या भेटीच्या दिवशी जावे, पत्नीने एकटीने नव्हे तर भावाने, वडिलांनी, शक्य तर पाळकांनीही. अनेक ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा चर्चच्या सभागृहात भरतात. आपले सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळे असेल तर पंचांनी तसा विचार करावा. प्रभुभोजनाच्या प्याल्यात आंबविलेला द्राक्षारस असेल, तर त्याच्यासाठी काय करता येईल हे पाळकांशी आधी एकांतात बोलून ठेवावे. ऐनवेळी वेदीपुढे त्याची कुचंबणा होऊ नये. आणि तो घरी येईल त्या वर्षी नाताळासाठी घरी वाइन घालू नये. कुलकुल व करंज्या पुरेशा आहेत.