बिल दुसऱ्याच्या नावावर

संध्याकाळी ऑफिस सुटताना बरेच जण मॉनिटरचं बटण दाबतात आणि पिशवी उचलतात. पडदा काळा झाला, म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला! टेबलाखाली सीपीयूचा पंखा मात्र रात्रभर घरघरत राहतो. घरी बाथरूमचा दिवा जळत राहिला तर हीच मंडळी मुलांवर खेकसतात. घरचं लाइट बिल आपल्या खिशातून जातं, ऑफिसचं कोण भरतं ते आपण पाहत नाही.

हिशेब सोपा आहे. नुसत्या चालू राहिलेल्या जुन्या डेस्कटॉपला ६० वॉट धरले, तर १४ तासांत ०.८४ युनिट जळतं. अशी ५० मशीनं असली की एका रात्रीत ४२ युनिट, तेही कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्राभोवती राहणाऱ्यांना या विजेची खरी किंमत विचारावी. ती कुठल्याच बिलात छापलेली नसते.

‘सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो’, ही नेहमीची सबब. तिच्यावर तोडगा आहे. जेवायला उठताना मशीन स्लीपमध्ये टाकावं. तेव्हा फक्त मेमरी जागी राहते आणि दोन-तीन वॉटवर भागतं. लाइट गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फाइल सेव्ह करावी. घरी निघताना सोय असेल तर हायबरनेट करावं. त्यात उघडं काम डिस्कवर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे सापडतं. नाहीतर सरळ शटडाऊन करावं. रात्री खरोखर काम करणारं मशीन चालू राहिलं तर त्यात काही गैर नाही. प्रश्न रिकामं जळणाऱ्याचा आहे.

घरातली काटकसर बहुधा पैशाची असते. ती चांगलीच, पण तिच्यात आपला स्वार्थही असतो. जिथे बचतीचा एक रुपयाही आपल्याला मिळणार नाही आणि उधळपट्टीबद्दल कुणी जाब विचारणार नाही, तिथे आपण कसे वागतो यावर आपली सचोटी ठरते. मोठ्या भ्रष्टाचारावर चहाच्या टपरीवर तावातावाने बोलणं सोपं आहे. दुसऱ्याच्या पैशाची आणि दूरच्या माणसाच्या हवेची काळजी घ्यायला मात्र माऊसच्या दोन क्लिक लागतात, आणि नेमका तेवढ्याचाच आपल्याला कंटाळा येतो.