आपल्यामागे उरणारे पोर

आल्डाब्रा बेटावरच्या महाकाय कासवाचे नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू तळहातावर सहज मावते. हौशी माणूस ते घरी आणतो, गवत घालतो, उन्हात फिरवतो. कारण ऊन नसले तर कवच धड घट्ट होत नाही. आई तर अंडी मातीत पुरून केव्हाच निघून गेलेली असते. माया ह्या जातीला ठाऊक नाही. ती लावतो माणूस.

पण हेच पोर वाढून २५० किलोंचे होऊ शकते आणि वयाची शंभरी ओलांडते. नेपोलियन जिथे कैदेत वारला, त्या सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचे कासव १८८२ साली आणले, तेव्हाच ते पुरते वाढलेले होते. गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात ते चरत राहिले. गव्हर्नर मात्र बदलत गेले.

मग ज्याचा शेवट आपल्याला दिसायचा नाही, त्याचे पालक होण्याचा आपल्याला अधिकार काय? कुत्रे पाळणारा निदान त्याला मूठमाती देतो. कासव पाळणारा मात्र न जन्मलेल्या नातवाच्या गळ्यात, त्याला न विचारता, एक जबाबदारी घालून जातो.

मी मास्तर; दरसाल आपली पोरे दुसऱ्याच्या वर्गात धाडणारा. मला वाटते, माया किती केली ह्यापेक्षा, पुढचा हात आधी शोधला का, ह्यावर पालकाची परीक्षा व्हावी. तो हात ठरला नसेल, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असो, ते घरी न आणणे हीच त्याच्यावरची माया.