बाहुली म्हणायचं नाही

निवृत्तीच्या समारंभात प्रत्येक वक्ता सांगतो, की माणसाला एखादा छंद असावा. माझ्या वेळी तिघांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे बागकाम असणार, फार तर पोस्टाची तिकिटं. माझा छंद त्यांना ठाऊक असता तर त्यांनी शाल तेवढी दिली असती आणि भाषण आवरतं घेतलं असतं.

मी अ‍ॅक्शन फिगर जमवतो. ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत त्यांच्यासाठी खुलासा करतो : सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन वगैरे पराक्रमी मंडळींचे, हातपाय हलणारे, वीतभर उंचीचे प्लॅस्टिकचे पुतळे. आमच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट आहे. लग्नात आलेल्या कपबश्या मांडायला म्हणून ते घेतलं होतं. कपबश्या फुटत गेल्या तसतसे हे लोक आत येत गेले. आज वरच्या दोन फळ्या त्यांच्या आहेत, आणि तिसऱ्या फळीवरच्या उरलेल्या चार बश्या हलवाव्यात की काय, ह्यावर घरात बोलणी चालू आहेत.

आलेला पाहुणा चहाचा कप घेऊन कपाटापाशी जातो, वाकून बघतो आणि म्हणतो, "नातवाचे वाटतं?" मी "हो" म्हणतो. नातू न्यू जर्सीत असतो आणि त्याला ह्या विषयात काडीचा रस नाही. तो जन्मायच्या आधी मी "मुलाचे आहेत, लहानपणचे" असं सांगत असे. मुलगा लहान असताना खेळला तो फक्त कॅरम. मी "हो" म्हटलं की आतून भांड्यांचा आवाज थोडा वाढतो. आमची ही खोटं बोलत नाही, पण माझं खोटं उघडंही पाडत नाही. ती भांडी आपटते.

ह्यात खोटं बोलण्याजोगं काय आहे, असं तुम्ही विचाराल. आहे. अडुसष्ट वर्षांचा पुरुष बाहुल्या जमवतो हे सांगायचं कसं?

ही अडचण माझ्या एकट्याची नाही, हा शोध मला उशिरा लागला. हॅसब्रो ह्या अमेरिकन कंपनीनं १९६४ साली मुलग्यांसाठी एक सैनिक काढला, जी. आय. जो. उंची साडेअकरा इंच, म्हणजे १९५९ साली आलेल्या बार्बीइतकीच. धंद्याची युक्तीही बार्बीचीच : आधी मूळ माणूस घ्या आणि मग त्याचे पोशाख, बूट, टोप्या घेत जन्म काढा. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, आणि त्यांचे बाप तर दुकानाची पायरीही चढणार नाहीत, ही धास्ती. तेव्हा 'अ‍ॅक्शन फिगर' असा शब्द घडवण्यात आला आणि बाहुली म्हणायचं नाही असं ठरलं. एकवीस ठिकाणी अवयव हलायची सोय केली, गालावर जखमेचा व्रण दिला. व्रण असला की बाहुली नसते, असा काहीतरी हिशेब असावा. पुढे दोनच वर्षांनी आयडियल कंपनीनं कॅप्टन अ‍ॅक्शन म्हणून एक गडी काढला. पुतळा एकच, सुपरमॅनचे कपडे चढवले की तो सुपरमॅन, बॅटमॅनचे चढवले की बॅटमॅन. आपल्याकडचा बहुरूपीच म्हणाना! अमेरिकेतली धट्टीकट्टी पोरं तासन् तास त्याचे कपडे बदलत बसत होती आणि कोणी कोणाला हसत नव्हतं. कारण ती बाहुली नव्हती.

आपण त्यांना नावं ठेवू नयेत. आपण तुपातल्या साबुदाण्याच्या खिचडीला उपास म्हणतो आणि लाचेला चहापाणी.

पण नाव बदलून बाप फसतो, पोरं फसतात. जकात खातं फसत नाही. जी. आय. जो तोवर पावणेचार इंचांवर आला होता. परदेशात बनवून आणलेल्या ह्या जोवर बाहुलीची जकात घ्यायची की साध्या खेळण्याची, हा वाद कोर्टात गेला आणि १९८९ साली वरच्या कोर्टानं निकाल दिला : बाहुलीच. पंचवीस वर्षं जो शब्द ओठांबाहेर पडू दिला नव्हता, तो न्यायाधीशांनी एका वाक्यात उच्चारला.

दुसरा खटला मला जास्त लागला. तो टॉय बिझ कंपनीचा, एक्स-मेनच्या पुतळ्यांचा. त्यांच्या तेव्हाच्या कायद्यात माणसाची प्रतिकृती असेल तर ती बाहुली, जकात १२ टक्के. माणूस नसलेल्या प्राण्याची असेल तर खेळणं, जकात ६.८ टक्के. कंपनी म्हणाली, आमचे हे वीर माणसं नव्हेतच. पंजे बघा, नखं बघा. २००३ साली न्यायमूर्ती ज्युडिथ बार्झिले यांनी हे म्हणणं मान्य केलं. आता, एक्स-मेनची मूळ गोष्ट काय? जन्मतःच निराळे असलेले काही लोक जगाला सांगताहेत, की बाबांनो, आम्हीही माणसंच आहोत. १९६३ पासून चाळीस वर्षं बिचारे हेच सांगत होते. आणि त्यांचे पुतळे विकणाऱ्यांनीच ५.२ टक्क्यांसाठी कोर्टात जाऊन सांगितलं, की छे, छे, नाहीत.

हे वाचून मी दोन दिवस संतापलो होतो. कपाट उघडून वुल्व्हरीनची धूळसुद्धा पुसली.

आता पाहुणा जर जरा माहीतगार निघाला, तर 'नातवाचे' चालत नाही. मग मी परीक्षक होतो. माझी पद्धत आईची आहे. गणपती आणायला गेलं की ती आधी डोळे बघायची. मूर्ती कितीही सुबक असो, नजर समोरच्यावर ठरत नसेल तर पुढची. पुतळ्याचंही तेच. एक बुबुळ खलनायकाकडे आणि दुसरं ट्यूबलाइटकडे असलेला बॅटमॅन मी फुकट घेणार नाही. मग साच्याची रेघ बघायची. दोन अर्धुकं जिथे जुळतात तिथे ती दंडावरून खाली येते. चांगल्या मालात ती घासून काढलेली असते. मग रंग. पट्ट्याचा पिवळा चड्डीवर उतरलेला नसावा. आणि शेवटी टेबलावर उभं करून बोट काढून घ्यायचं. जो जगाचं रक्षण करायला निघालाय, त्याला निदान स्वतःच्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे, ही माझी अपेक्षा फार आहे असं मला वाटत नाही. चुका मात्र सगळ्याच वाईट नसतात. त्या १९६४च्या जोच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला गेलं होतं. पुढे तीच नकला ओळखण्याची खूण ठरली.

सगळ्यात अवघड प्रकरण सांध्यांचं. केनर कंपनीनं १९८४ साली काढलेला सुपरमॅन माझ्याकडे आहे. त्याचे पाय चिमटीत दाबले की तो ठोसा मारतो. ह्याउप्पर त्याला फारसं काही करता येत नाही, पण उभा असा राहतो की आपण जरा सावरून बसावं. उलट २००२ पासून आलेले मार्व्हल लेजंड्सचे सहा इंची पुतळे घ्या. कोपर, मनगट, घोटा, कुठेकुठे बोटंसुद्धा वळतात. त्यांना भिंतीवर चढवा, उकिडवं बसवा. पण गुडघ्याला दोन-दोन बिजागऱ्या दिल्यावर तो गडी सरळ उभा राहिला की संधिवाताच्या दवाखान्यात नंबर लावल्यासारखा दिसतो. हलणं हवं की दिसणं हवं, ह्यावर मी अर्धा तास बोलू शकतो. पाहुणे म्हणतात, "तुमचा अभ्यास दांडगा आहे हो." अभ्यास म्हटला की झालं. अभ्यास करणाऱ्या पुरुषाला बाहुल्या माफ असतात.

ह्या पावसाळ्यात ताई आमच्याकडे राहायला आली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. नव्या डोळ्यानं तिला लांबचं फार स्वच्छ दिसू लागलं होतं. पहिल्या दोन दिवसांत तिनं घरातली कोळिष्टकं मोजली. तिसऱ्या दिवशी ती कपाटासमोर उभी राहिली.

"अगंबाई! किती रे ह्या बाहुल्या?"

"नातवाच्या," मी सवयीनं म्हणालो.

"अहो, वन्संना तरी खरं सांगा," ही आतून म्हणाली.

"माझ्या आहेत. आणि त्यांना बाहुल्या म्हणत नाहीत ताई, अ‍ॅक्शन फिगर म्हणतात."

"बरं," ताई म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या बाहुलीचा पाय निखळलाय."

कोपऱ्यातला म्हणजे माझा मेगो कंपनीचा बॅटमॅन. १९७२ पासून मेगोनं आठ इंची वीर काढले, आणि त्यांचे कपडे प्लॅस्टिकवर रंगवलेले नव्हते. खरोखरचे, कापडाचे, शिवलेले होते. हा मुलानं तिकडच्या जुन्या बाजारातून आणला होता. हातपाय आतून इलॅस्टिकनं ओढून धरलेले असतात. पन्नास वर्षांत ते विरलं आणि बॅटमॅन एका पायानं लोंबू लागला. मी त्याला कोपऱ्याला टेकवून ठेवला होता, निखळलेली बाजू भिंतीकडे करून.

ताईनं तो बाहेर काढला, पालथा केला आणि पाठीवरचं टिचबटण टक्कन उघडलं. माझ्या पोटात गोळा आला. मी आजवर त्याला फक्त रुमालानं पुसला होता. तिनं पोशाख उलटा करून नव्या डोळ्यापासून हातभर लांब धरला.

"टीप बरी आहे. पण कड दुमडलेली नाही, कच्चीच सोडलीय. सुतं निघणार नाहीत तर काय? आणि आत ही नाडी आहे होय!"

"इलॅस्टिक."

"तेच ते. आपल्याकडे असेल की."

वीस वर्षं मी बुबुळं आणि साच्याच्या रेघा तपासतोय. हा दुरुस्त होईल का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. ती त्या टिचबटणाशी उगाचच चाळा करत होती, उघड-मीट, उघड-मीट.

साल तेच, १९६४. मी सात वर्षांचा होतो आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात ताईच्या बाहुलीचं लग्न होतं. बाहुली चिंध्यांची, नाव चिंगी. मी भटजी होतोच, शिवाय चिंगीच्या पोलक्याची टिचबटणं लावायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं बारीक होती. मला ते काम फार आवडायचं. जिन्यात बसून मी ते करत असताना वाड्यातली दोन-तीन मोठी पोरं आली. एकजण "बायल्या" म्हणाला. मी उठलो, न्हाणीघरात गेलो आणि त्यांच्यादेखत चिंगीला पेटत्या बंबात घातलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला खेळायला घेतलं, पहिल्यांदाच. ताई दोन दिवस बाहुली शोधत होती. आईनं तर्क केला, की केर काढणाऱ्या बाईंनी चिंधी समजून टाकून दिली असणार. बाईंना बोलणी बसली. "मी न्हाई टाकली हो," असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. मी सतराचा पाढा म्हणत होतो, जरा मोठ्यानं.

तेव्हा माझ्याकडे अमेरिकेतला तो शब्द असता, तर मी पोरांना ठणकावून सांगितलं असतं, की ही बाहुली नाही. चिंगी वाचली असती, बाईंची बोलणी वाचली असती. म्हणून त्या शब्दाला लबाडी म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण तोच शब्द परवा ताईच्या तोंडावर फेकताना मला कसंसंच झालं, हेही खरं. त्या शब्दानं पोरं गप्प बसली असती. ताईला काय मिळालं असतं? तिची ती बाहुलीच होती आणि तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

हिनं इलॅस्टिक आणि सुईदोरा आणून दिला. ताईनं बॅटमॅनचा पाय जागेवर धरून बघितला.

"ताई," मी म्हणालो, "चिंगी आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं?"

"तिला मी बंबात घातलं होतं."

"माहित्ये," ताई म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "दुसऱ्या दिवशी बंबातली राख मीच काढली. दोन टिचबटणं निघाली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुला मार बसला असता."

"आणि त्या बाई?"

ताईचा हात थांबला. बाहेर पाऊस लागला होता आणि आतला भांड्यांचा आवाजही बंद होता. बराच वेळ ती नुसतीच तो लोंबता पाय धरून बसली. मग तिनं सुई माझ्यापुढे केली.

"ओवून दे," ती म्हणाली. "ह्या डोळ्यानं मला जवळचं दिसत नाही."

मला तिसऱ्या खेपेला जमलं.