यंत्राचा वारस

भिलाईहून रायपूरकडे निघाले की खारून नदीच्या अलीकडे कुम्हारी लागते. पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेल्या या पट्ट्यात वेल्डिंग हा अनेकांच्या पोटाचा धंदा आहे. अशाच एखाद्या वेल्डरच्या छातीत, गळ्याखालच्या हाडाजवळ, डिफिब्रिलेटर बसवला आहे असे समजावे. हे यंत्र हृदयाचा ताल अहोरात्र न्याहाळते आणि तो जीवघेणा विस्कटला की विजेचा धक्का देऊन ताळ्यावर आणते. ज्यांनी तो धक्का सोसला आहे ते त्याची तुलना छातीत बसलेल्या लाथेशी करतात. पुढचा धक्का केव्हा बसेल, या धास्तीने काहींची झोप उडते. शिवाय वेल्डिंगच्या प्रवाहाभोवती उठणारे चुंबकीय क्षेत्र यंत्राची दिशाभूल करू शकते, म्हणून डॉक्टर त्या कामापासून दूर राहायला सांगतात. ज्या यंत्राने जीव राखला त्यानेच हातचा धंदा काढून घेतला, असा हा विलक्षण व्यवहार आहे. अशा यंत्राची किंमत लाखांत असते, आणि गरिबाच्या घरी पहिला प्रश्न वैद्यकाचा नसून पैशाचा असतो.

यंत्राचे आणि माणसाचे आयुष्य क्वचितच जुळते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रोग्याच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवला होता आणि काही तासांतच बंद पडला. पुढे लार्सन यांना एकामागून एक अशी सव्वीस यंत्रे लागली. २००१ मध्ये ते वारले तेव्हा यंत्र घडवणारा आणि बसवणारा, दोघेही त्यांच्या आधी गेलेले होते. तेथे माणूस यंत्रांना पुरून उरला. पण उलटेही घडते. माणूस जातो आणि छातीतल्या यंत्रात अनेक वर्षांची बॅटरी शिल्लक राहते.

दहन करणाऱ्या समाजात हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण चितेच्या उष्णतेने पेसमेकरची बॅटरी फुटते. इंग्लंडमधील सोलिहल येथे १९७६ साली दहनगृहात असा स्फोट झाल्याची नोंद आहे. म्हणून अंत्यविधीपूर्वी यंत्र काढावे लागते. दफन करणाऱ्यांच्या बाबतीत ते देहाबरोबर मातीत जाऊ शकते. दहन करणाऱ्यांच्या बाबतीत ते कुणाच्या तरी हातात उरते. मग ते कुणाचे? ज्याच्या छातीत होते त्याचे म्हणावे, तर तो गेला. वारसांचे म्हणावे, तर त्यांना त्याचा उपयोग नाही. निर्माता तर वेष्टनावर ‘एकदाच वापरण्यासाठी’ असे छापून मोकळा झालेला असतो.

मुंबईत या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले गेले. अमेरिकेतील अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी कुटुंबीयांच्या संमतीने दिलेले पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रोग्यांना बसवण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार त्यांच्यात जंतुसंसर्ग वा यंत्राचा बिघाड आढळला नाही, आणि घर सांभाळणाऱ्या २७ स्त्रिया पुन्हा घरकामाला लागल्या. (आकडेवारीत घरकामाची दखल सहसा घेतली जात नाही, येथे तीच बरे झाल्याची खूण ठरली.) पाठोपाठ २०१२ साली मुंबईतीलच ८१ रोग्यांना बसवलेल्या, पूर्वी वापरलेल्या डिफिब्रिलेटरांचा वृत्तांत आला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रोग्यांना यंत्राने प्राणरक्षक उपचार दिला.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेसमेकरचा पुनर्वापर आक्षेपार्ह ठरवला होता, आणि ही सावधगिरी निराधार नव्हती. परंतु २०२० साली माँट्रियलच्या संशोधकांनी मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या परिसरातील १०५१ रोग्यांची नवे यंत्र मिळालेल्या ३१५३ रोग्यांशी तुलना केली. दोन वर्षांत जंतुसंसर्ग वा तज्जन्य मृत्यू एकीकडे दोन टक्के आणि दुसरीकडे एक पूर्णांक दोन दशांश टक्के होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. श्रीमंताला नवे आणि गरिबाला मेलेल्याचे, ही कोणती समता? या प्रश्नातला संताप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. समतेच्या नावाने जुने यंत्र नाकारले तर गरिबाला नवे मिळत नाही. काहीच मिळत नाही. आणि ज्याला काहीच मिळत नाही त्याच्यापुढे ‘एकदाच वापरण्यासाठी’ ही छापील ओळ म्हणजे निर्मात्याने आपल्या जबाबदारीला घातलेली मर्यादा असते. ती नीतीची आज्ञा नव्हे. विषमतेचा दोष यंत्रात नसून किमतीत आणि सरकारी तिजोरीच्या अग्रक्रमांत आहे. दान मिळते म्हणून सरकारने हात आखडता घेतला, तर मात्र तेच दान अन्यायाला हातभार लावील. आयुष्मान भारत योजनेतून पेसमेकर मिळू लागल्यावरही महागड्या यंत्रांपाशी हीच परीक्षा पुन्हा होते.

खरी अट वेगळीच आहे: घेणाऱ्याला सारे सांगितले गेले पाहिजे. यंत्र पूर्वी दुसऱ्याच्या छातीत होते, बॅटरी अमुक वर्षे टिकेल, बिघाड झाल्यास कंपनी भरपाई देणार नाही, हे सर्व त्याच्या भाषेत, त्याला उलट प्रश्न विचारता येईल अशा निवांतपणे. धर्मादायाच्या ओशाळेपणात गरीब माणूस प्रश्न विचारत नाही. पुढे आलेल्या कागदावर अंगठा उठवतो. ज्या छातीत यंत्र जायचे आहे तिच्या मालकाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसेल, तर नवे यंत्रही लादलेलेच ठरते.

देणाऱ्याच्या बाजूने हीच गोष्ट आधी घडायला हवी. मृत्यूनंतर, तिरडी बांधली जात असताना, यंत्र काढायला आलेला माणूस कुटुंबाला संमती विचारतो, तेव्हा कुणाच्याच मनात विचार करायला जागा नसते. यंत्र बसवतानाच, रोगी शुद्धीवर असताना, त्याला हे विचारता येईल. नेत्रदानाचा अर्ज माणसे जिवंतपणी भरतातच.