आधी काठी ठोका

नागपूरच्या रामदासपेठेतल्या कितीतरी घरांची मुळं वर्धा, उमरेड, काटोलकडच्या गावांत आहेत. तिथे एखादा वाडा, नाहीतर शेतातलं घर रिकामं पडलेलं असतं. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपली. पुढच्या पिढ्या शिकायला, नोकरीला नागपुरात आल्या आणि दारांना कुलपं लागली. आता सुटीच्या दिवशी नातवंडं ते घर बघायला निघतात. जरूर जावं. आजोबांची बैठक कुठे होती, धान्य कुठे भरायचे, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पण गावातला जाणता माणूस अशा घरात एकदम शिरत नाही. आधी शेजारी विचारतो. कोणती भिंत पावसाने फुगली, कोणता खांब वाळवीने पोखरला, हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. मग काठी जमिनीवर ठोकतो. जमिनीची थरथर सापाला लगेच कळते आणि वाट मोकळी असली की तो बहुतेक वेळा सरकून जातो. कवेलूंच्या ढिगात हात घालत नाही. मण्यार रात्री फिरते, म्हणून दिवस मावळायच्या आत बाहेर येतो. धान्याच्या जुन्या पेवात तर उतरतच नाही. तिथल्या कोंडलेल्या हवेत माणूस हाक मारायच्या आत कोसळू शकतो.

या माणसाला कोणी भित्रा म्हणत नाही. त्यालाही घर बघायचंच असतं. भीती सांगते, जाऊ नको. सावधपणा सांगतो, कसं जायचं ते ठरव. आणि माडीचा जिना डुगडुगत असेल, तर तो माडी खालूनच बघतो. एक खोली राहिली म्हणून घर बघणं वाया जात नाही.

आपल्या रोजच्या कामांतही असे उंबरठे येतात. नवी नोकरी, घराचं कर्ज, भावाभावांत अडलेला जमिनीचा विषय. टाळत बसलो तर ते सुटत नाहीत आणि घाईने शिरलो तर इजा होते. आज असं एखादं काम समोर असेल, तर आधी जाणत्याला विचारा, थोडं चाचपून बघा, जे पेलणार नाही ते आजच्यापुरतं बाजूला ठेवा. मग मात्र मागे राहू नका. बिनधास्त आत जा.