थांबा

कोण थांबलंय ते पाहिलं की राज्य कुणाचं आहे ते कळतं.

जयपूरच्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र 27 मीटर उंच आहे आणि 2 सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवतं. तिथून थोडं चाललं की बडी चौपड. बस किती वाजता येईल, असं तिथे पानवाल्याला विचारलं तर चुना लावता लावता तो म्हणतो, "आती ही होगी." हे यंत्र बांधणाऱ्या राजा सवाई जयसिंहांना सूर्याची वेळ मोजायची हौस होती. रयतेची वेळ मोजावी असं कुणाला वाटलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून अख्खं शहर गुलाबी रंगवलं गेलं. 25 जानेवारी 2024 ला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आले, तेव्हा रंग होताच. रस्ते मोकळे करून दिले. पाहुणा मोठा असला की घरच्यांनी मागच्या दाराने जायचं असतं.

"आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या." हे सांगणारा माणूस बहुधा आरक्षणाच्या डब्यातला असतो. 1975 मध्ये जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवी तिहार तुरुंगात होत्या. पुढच्या वर्षी जयगड किल्ल्यात खजिन्यासाठी खोदाखोद झाली. लष्कराचे ट्रक परतताना दिल्लीचा हमरस्ता सामान्यांना बंद होता, असं जयपूरकर आजही रंगवून सांगतात. खजिना सापडला नाही, असं सरकार म्हणालं. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही; रस्ता अडला होता यावर मात्र सगळ्यांचा आहे.

आज आणीबाणी नाही. मतदान होतं, आणि राजस्थान तर दर पाच वर्षांनी भाकरी फिरवतं. थांब्यावर उभं राहिलं की मात्र कुणाचं सरकार आहे ते ओळखता येत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी आपला ताफा लाल दिव्याला थांबेल असं जाहीर केलं. चांगलंच केलं. पण ही बातमी होते, यातच सगळं आलं.

जे हक्काने मिळत नाही ते सणाला मिळतं. रक्षाबंधनाला राजस्थान रोडवेजच्या बसमधून बायकांना फुकट प्रवास असतो. त्या दिवशी जयपूरच्या सिंधी कॅम्प स्टँडवर जावं. बस फलाटाला लागायच्या आत ओढण्या, पिशव्या, रुमाल खिडक्यांतून आत पडतात. आपल्या एसटीत रुमाल टाकून जागा धरलेल्याला हे काही नवं नाही. एक बाई मिठाईचा डबा डोक्यावर धरून दारात अडकलेली असते, आत जाता येत नाही आणि बाहेरही. सरकार भाऊ झालं आहे, पण त्याने ओवाळणीत तिकीट घातलं, बस घातली नाही. आणि फुकट बसलेल्याने तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

2023 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने बायकांना एसटीत निम्मं भाडं केलं, एप्रिलपासून राजस्थानने साध्या बसमध्ये तेच केलं. एकीकडे शिंदे-फडणवीस, दुसरीकडे गेहलोत. सवलत देण्यावर आपल्याकडे मतभेद नसतात. जास्त बस घेण्यावरही नसतात, कारण तो विषयच निघत नाही. सवलतीचा फलक बसच्या पाठीवर लावता येतो. न आलेल्या बसवर फलक लावणार कुठे?

26 सप्टेंबर 2021. शिक्षक व्हायच्या रीट परीक्षेला सोळा लाखांच्या घरात उमेदवार. कुणाचं केंद्र दुसऱ्याच जिल्ह्यात. प्रवास मोफत. आणि कॉपी होऊ नये म्हणून जयपूरसह बऱ्याच जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद. म्हणजे बस फुकट दिली आणि नकाशा काढून घेतला. खेड्यातून पहिल्यांदा राजधानीत उतरलेली पोरं छापील प्रवेशपत्र पुढे करून लोकांना पत्ता विचारत फिरली. पेपर मात्र न चुकता पोहोचला होता: तो जयपूरच्याच शिक्षा संकुलातून फुटल्याचं तपासात निघालं. फेब्रुवारी 2022 मध्ये रीटच्या एका स्तराची परीक्षा रद्दच झाली.

हुकूम नेहमी दुबळ्यावरच नेमका लागू होतो.

जयपूरची मेट्रो छान आहे. थंड, स्वच्छ, मानसरोवर ते बडी चौपड. 2015 मध्ये निघाली, 2020 मध्ये तटाच्या आतल्या जुन्या शहरात पोहोचली. जेमतेम 12 किलोमीटर. तिच्या रुळांजवळ ज्याचं घर आणि काम दोन्ही आहे, त्याने तिचं कौतुक अवश्य करावं.

बससाठी वेगळी पट्टी पुण्याने 2006 मध्ये आखली, जयपूरने 2010 मध्ये सीकर रोडवर. दोन्हीकडे पट्टीत मोटारी घुसल्या. मग कोंडी होते म्हणून पुण्याने नगर रस्त्यावरची काढली, जयपूरनेही आपली उखडायला घेतली. बसमध्ये शंभर माणसं आणि मोटारीत एक, हे गणित चौथीतल्या पोराला येतं. सरकारने जरा दांडगाई करावी अशी ही एकच जागा होती. नेमकी तिथेच सरकारं लोकमताचा आदर करू लागतात. लोकमत मोटारीत बसलेलं असतं.

सीतापुऱ्याच्या कारखान्यांतून सुटलेला कामगार टोंक रोडवर येऊन उभा राहतो. इथे मेट्रो नाही. मिनीबस येते, नीट थांबत नाही, जरा हळू होते एवढंच. कंडक्टर बोटांच्या बेचक्यात नोटा दुमडून दारात लोंबकळतोय. पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "आगे सरको, पूरी गाडी खाली है!" आत पाय टेकायला जागा नसते. अशा वेळ मारून नेण्याला जुगाड म्हणून दाद देणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणारे या दारात लोंबकळलेले दिसत नाहीत. बस का नाहीत, असं त्या गर्दीत कुणी विचारत नाही. एकजण शिवी हासडतो, दुसरा हसतो, सगळे सरकतात, आणखी दोघे आत येतात. भांडण होतं ते गांधीनगर मोड आल्यावर, पाच रुपये सुटे नाहीत म्हणून.